हापूसच्या बागेत तंबूचा मुक्काम : रत्नागिरीला निघण्यापूर्वी

रत्नागिरीत मुक्काम म्हटला की समुद्रकाठचं हॉटेल, असं समीकरण बरीच वर्षं होतं. आता आंबा-काजूच्या बागेतल्या सुखसोयींच्या तंबूचाही पर्याय आला आहे. आत पलंग, जाड गादी, पंखा किंवा एसी, मागे जोडून न्हाणीघर, पुढे बसायला पडवी. ‘ग्लॅम्पिंग’ या नावाने त्याची जाहिरात होते आणि भाडं चांगल्या हॉटेलाच्या तोडीचं असतं. तेवढे पैसे मोजायचेच असतील तर तंबूच्या फोटोंवर भाळू नका, आधी शेती पाहा. चालत्या बागेतले दोन दिवस मात्र पैसे वसूल करून देतात.

बुकिंगआधी काय विचारावं

फोनवर पहिला प्रश्न हा असू द्या : “या आठवड्यात बागेत काय काम चालू आहे?” बागायतदार असेल तर फवारणी, साफसफाई, काढणी, काजू बी वेचणं यांतलं काहीतरी चटकन सांगेल. उत्तरात फक्त स्विमिंग पूल आणि शेकोटीच येत असेल, तर ते शेताच्या जागेवरचं हॉटेल समजा.

दुसरा प्रश्न नोंदणीचा. महाराष्ट्र सरकारने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केलं. त्यानुसार अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. प्रमाणपत्र आहे का, हे विचारायला संकोचू नका. तिसरा प्रश्न स्वयंपाकाचा : जेवण घरचं की बाहेरून येणार? घरची बाई किंवा गावातल्या बायका रांधत असतील तर तुमच्या पैशातला वाटा गावात राहतो आणि ताटही अस्सल मिळतं.

कधी जावं

तंबूसाठी सर्वांत चांगले दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा सुखद असते, कलमं मोहोरलेली असतात, आणि भात निघालेल्या खाचरांत कुळीथ-पावटा उभा असतो. मात्र याच काळात तुडतुड्यांसाठी मोहोरावर औषधं फवारतात. फवारणी कोणत्या दिवशी आहे ते आधी विचारा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मुलांना बागेत सोडू नका.

मार्चअखेर ते मे हा काढणीचा हंगाम. उकाडा आणि घाम सोसायची तयारी असेल, तर पाहण्यासारखं सगळ्यांत जास्त याच दिवसांत असतं.

जून ते सप्टेंबर तंबूचा नाद सोडा. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वारा कापडाला जुमानत नाही. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या बागांतली जुनी झाडं मुळासकट उपटली, तिथे तंबूची काय कथा! पावसात लावणी पाहायची असेल तर पक्कं घर बघा. संगमेश्वर तालुक्यात फुणगूस इथे ‘फार्म ऑफ हॅपिनेस’सारखं शेतघर आहे, तिथे पाहुण्यांना शेतीच्या कामातही हात लावता येतो.

काढणीचा दिवस

काढणीला जायचं तर पहाटे उठा. ऊन चढायच्या आत गडी झेला घेऊन निघतात. झेला म्हणजे लांब बांबू, त्याच्या टोकाला कडी, कडीला जाळी आणि देठ कापायला पातं. फळ अलगद जाळीत घ्यायचं, देठ थोडा लांब ठेवून कापायचं. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो, साल काळी पडते आणि आंब्याचा भाव उतरतो. कोणता आंबा काढायचा हे जाणकार नजरेनेच ठरवतो : देठाजवळचे खांदे भरलेले, रंग किंचित फिकटलेला. अशा फळाला ‘चौदा आणे तयार’ म्हणतात. पिकलेलं फळ झाडावर ठेवत नाहीत.

काढलेला माल मांगरात, म्हणजे बागेतल्या कोठीघरात येतो. तिथे वजनाप्रमाणे प्रतवारी होते. मग पेंढा पसरून त्यावर एका थरात आंबे लावतात, ही आढी. आढीतला आंबा साधारण 8-10 दिवसांत पिकतो. मांगराच्या दारात उभं राहिलं की आधी वास येतो आणि मग पिवळे आंबे दिसतात. इथे थोडा वेळ द्या, प्रश्न विचारा. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरतंच ते आहे. बाजारात हापूसच्या नावाखाली काय काय खपतं आणि मानांकनाचा उपयोग किती होतो, हे बागायतदाराच्या तोंडूनच ऐकावं.

झेला हातात घेऊन बघायचा असेल तर विचारून घ्या, आणि कमी उंचीच्या कलमावरच घ्या. वरची फळं गड्यांसाठी सोडा. बऱ्याच बागांत राखणीला नेपाळहून आलेली कुटुंबं असतात. वानरांना हाकलत ती रात्रंदिवस जागतात. त्यांच्या झोपडीकडे कॅमेरा रोखण्याआधी परवानगी मागा.

तंबू पारखताना

कोकणातला सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. त्यात खुंटी शिरत नाही. म्हणून तंबू चिऱ्यांच्या जोत्यावर किंवा लाकडी फलाटावर पक्का बसवलेला आहे का, ते बघा. नुसते दगड ठेवून दोर ताणलेले असतील तर वाऱ्याच्या रात्री झोप लागणार नाही. दिवसभर तापलेला कातळ रात्री उशिरापर्यंत धग सोडतो, त्यामुळे उघड्या सड्यापेक्षा कलमांच्या सावलीतला तंबू घ्या. माडाखाली तंबू असेल तर जागा बदलून मागा. नारळ वेळ सांगून पडत नाही. वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर काय काय चालतं तेही विचारून ठेवा.

पाण्याबद्दल विशेष सांगायचं. एवढा पाऊस होऊनही एप्रिल-मे महिन्यांत इथे टंचाई असते. जांभा सच्छिद्र आहे, पाणी धरून ठेवत नाही. पावसाचं पाणी पऱ्यांतून (ओढ्यांतून) थेट खाडीत जातं. बागेत टँकर येत असताना टबात डुंबण्याचा आग्रह धरू नका. बादलीभर पाण्यात अंघोळ उत्तम होते.

जांभ्याच्या मुलखात फुरसं हा साप असतो. आकाराने लहान, रंगाने दगडासारखा, पण जहाल विषारी. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) दगडांत हात घालू नका, रात्री विजेरी आणि बूट याशिवाय तंबूबाहेर पडू नका, सकाळी बूट झटकूनच पाय घाला. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. अवयव हलवू न देता 108 वर फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. बिबट्याचा वावर असलेल्या गावात अंधार पडल्यावर मुलांना एकटं फिरू देऊ नका.

ताटात काय मागावं

हंगाम विचारून मागा. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची उसळ आणि फणसाची भाजी, मे महिन्यात बरक्या फणसाची सांदणं, एरवी घावणे, कुळथाची पिठी आणि सोलकढी. मासे खाणाऱ्यांनी खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) मिळतात का विचारावं. पनीर आणि नूडल्स मागितल्या तर मिळतीलही, पण मग रत्नागिरीला कशाला यायचं?

दुपारनंतरची भटकंती

सकाळ बागेत घालवली की दुपार उतरल्यावर बाहेर पडा. पहिला मान कातळशिल्पांना. कोकणातली ही शिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षीला कातळावर कोरलेला हत्ती आहे. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती तर अजस्र, आणि त्याच्या अंगातच इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. फोटोसाठी रेषांत खडू किंवा पाणी भरू नका, शिल्पावर पाय देऊ नका.

किल्ल्यांत शहरालगतचा रत्नदुर्ग, मुचकुंदी नदीच्या मुखावरचा पूर्णगड आणि शास्त्री नदीच्या मुखावरचा जयगड असे तीन पर्याय आहेत. तिन्ही चढायला सोपे. आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळे आणि पुढे केशवसुतांचं जन्मगाव मालगुंड गाठता येतं. शहरात वेळ उरला तर 1910 मध्ये बांधून झालेला थिबा राजवाडा बघा.

कसं पोचावं

मुंबईहून कोकण रेल्वेच सोयीची. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. मे महिना आणि गणपतीत तिकीट पहिल्याच दिवशी काढा. पावसाळ्यात वेळापत्रक बदलतं. कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी आंबा घाट उजेडात उतरावा. स्टेशन शहराबाहेर आहे आणि बागा त्याहून आत, तेव्हा रिक्षा किंवा गाडीची सोय यजमानांकडूनच ठरवून घ्या. मोबाइलच्या नकाशावर विसंबू नका. त्यात रस्ता म्हणून दिसणारी वाट पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट असू शकते; तिने पायी जाता येतं, गाडी जात नाही.

जाता जाता

मोहोर गळला, अवकाळी आला, वानरं घुसली, की बागायतदाराचं वर्षाचं गणित कोलमडतं. अशा वर्षी तंबूचं भाडं त्याला तारून नेतं. म्हणून भाड्यात घासाघीस करू नका, आणि निघताना आंब्याची पेटी, आमसुलं, काजूगर किंवा फणसपोळी त्याच्याच दारात विकत घ्या. पुढच्या हंगामात पेटी हवी असेल तर नंबर घेऊन ठेवा आणि फोन थेट त्यालाच करा.