दिव्याची पातळी

गावोगावचे दूधवाले पहाटेच्या अंधारातच घराबाहेर पडतात. मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना दुधाने भरलेले कॅन बांधलेले असतात. ४० लिटरच्या एका कॅनमध्ये सुमारे ४१ किलो दूध मावते. दोन कॅन म्हणजे एका धडधाकट माणसाहूनही अधिक ओझे. हे ओझे बहुतांशी मागच्या चाकावर येते. मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगा दबतात, गाडी मागे खाली बसते आणि पुढच्या दिव्याचे तोंड वर होते. मागे माणूस बसला तरी हेच घडते.

याचा परिणाम साध्या गणिताने कळतो. समजा, गाडीच्या दोन चाकांच्या आसांमध्ये १३० सेंटिमीटर अंतर आहे. मागची बाजू ३ सेंटिमीटर अधिक दबली, तर १० मीटरवर दिव्याचा झोत सुमारे २३ सेंटिमीटर वर चढतो आणि ५० मीटरवर सुमारे ११५ सेंटिमीटर! जो प्रकाश रस्त्यावर पडावयाचा, तो समोरच्याच्या डोळ्यांवर पडतो. त्याचे डोळे दिपतात. आणि इकडे स्वाराच्या पुढचा रस्ताही नीट उजळत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

यावरचा उपाय अवघड नाही. प्रथम चाकांतील हवा योग्य आहे ना, ते पाहावे. मागच्या स्प्रिंगा घट्ट करण्याची सोय असल्यास त्या ओझ्याच्या मानाने घट्ट कराव्यात. मग सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर, नेहमीचे ओझे लादून व स्वाराने वर बसून गाडी सरळ उभी धरावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची दुसऱ्याने मोजावी आणि भिंतीवर तितक्याच उंचीवर खडूने रेघ ओढावी. दिवा डिपरवर असता झोताची वरची कड या रेघेच्या थोडी खाली राहिली पाहिजे. किती खाली, ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. झोत वर असल्यास दिव्याचा स्क्रू थोडाथोडा फिरवून तो खाली आणावा.

ओझे उतरल्यावर सारे पूर्ववत करण्यास मात्र विसरू नये. नाही तर झोत जवळच पडतो आणि दूरचा माणूस किंवा जनावर वेळेवर दिसत नाही.

रस्ता सर्वांचा आहे. पायी चालणाऱ्यालाही तो दिसला पाहिजे. आपल्याला वाट दाखविणारा दिवा दुसऱ्याची वाट अंधारी करणार नाही, एवढी दक्षता घेणे हे प्रत्येक स्वाराचे कर्तव्य होय.

स्वाध्याय
१. ओझ्यामुळे दिव्याचे तोंड वर का होते?
२. मागची बाजू २ सेंटिमीटर दबल्यास १० मीटरवर झोत किती वर जाईल?
३. ‘दिव्याखाली अंधार’ या म्हणीचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.