प्लगवरचा आकडा

खंबाटकीचा चढ लागला आणि माझी टर्बो पेट्रोल गाडी धक्के खाऊ लागली. हळू चालवली की ठीक, पाय दाबला की मिसिंग. रिमॅप करून बूस्ट वाढवला, नवे प्लग टाकले, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. प्लग काढून फिलर गेज लावला, तर गॅप १.१ मिलिमीटर. टर्बोने कोंबलेल्या दाट हवेतून ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. तेवढा गॅप कॉइलला झेपत नव्हता. ०.७ वर आणला, धक्के थांबले.

खरी चूक पुढे झाली. बूस्ट वाढवल्यावर एक पायरी थंड प्लग घ्यावा, हे योग्यच आहे. माझा प्लग एनजीकेचा ७ नंबर होता, म्हणून ८ हवा होता. दुकानात बॉशचा ८ मिळाला. आटे जुळले, लांबी जुळली, मी बसवला. पण एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये गरम! थंड करायच्या नादात मी दोन पायऱ्या गरम प्लग घातला होता. प्लगचं टोक साडेआठशे अंशांच्या आसपास गेलं की ठिणगीआधीच मिश्रण पेटवतं, पिस्टन अजून वर येत असतानाच. हायवेवर जोर अचानक गेला. हेड उघडलं, तर एका पिस्टनची कड वितळलेली.

म्हणून कळकळीने सांगतो, कंपनी बदलताना आकड्यावर जाऊ नका, तुलनेचा तक्ता बघा. रिमॅप केलं नसेल तर मॅन्युअलमधलाच प्लग ठेवा. फार थंडही नको. टोक साडेचारशेच्या खाली राहिलं तर काजळी जळत नाही आणि शहरातल्या ट्रॅफिकमध्ये प्लग काळा पडतो. गॅप एकेक दशांशानेच कमी करा, कारण फार लहान गॅपने आयडलिंग बिघडतं. इरिडियमच्या बारीक टोकाला गेजने रेटू नका, फक्त बाहेरची पट्टी हलवा.

नवे प्लग दोन-तीनशे किलोमीटर चालवून एकदा काढून पाहा. सिरॅमिक फिकट तपकिरी असेल तर निश्चिंत राहा. खडूसारखं पांढरं आणि त्यावर चकचकीत ठिपके दिसले, तर गाडी तिथेच उभी करा; ते ठिपके पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. आणि प्लग आवळताना टॉर्क रेंच वापरा. सैल प्लग हेडला नीट टेकत नाही, त्यातली उष्णता बाहेर जात नाही, मग बरोबर नंबरचा प्लगसुद्धा तापतो.