माफी मोजायला निघालेल्या भाचीला

प्रबंधासाठी तू क्षमाशीलता हा विषय घेतलास आणि मुलाखतींसाठी डिंभे धरणाचा काठ, हे दादाने फोनवर सांगितलं. मानसशास्त्राच्या पोरांना आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलेल्या तुझ्या आत्याला मग गप्प बसवेना. वाच, पटेल ते घे.

सगळ्यात आधी एक अट घालते. धरणग्रस्तांनी सरकारला किती माफ केलं, हे मोजायला जाऊ नकोस. घोड नदी अडवली, कुकडी प्रकल्पातलं हे धरण उभं राहिलं, जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव मिळालं. पाणी डाव्या कालव्याने येडगावकडे जातं. वरच्या अंगाला राहिले ते भातखाचरं बुडालेले महादेव कोळी आणि कातकरी. यांच्यातल्या एखाद्याला तू प्रश्नावली दिलीस आणि गुण कमी पडले, तर अहवालात काय लिहिणार? ‘विस्थापितांत क्षमाशीलता कमी आढळली’? म्हणजे जमिनीचा हिशेब मागणारा माणूसच मनाने कोता ठरला! विस्कॉन्सिनचे रॉबर्ट एनराइट या विषयातले जुने जाणते. माफी म्हणजे अन्याय विसरणं नव्हे आणि न्यायाचा हक्क सोडणंही नव्हे, असं ते पहिल्यापासून सांगत आलेत. शिवाय माफी मोजायची त्यांची किंवा प्रसंगावर बेतलेली दुसरी कुठलीही पट्टी घेतलीस, तरी ती ‘मला दुखावणारी अमुक एक व्यक्ती’ धरून बनवलेली असते. पाटबंधारे खात्याला चेहरा नाही.

याच काठावर ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने आदिवासींनी जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर पीक घेतलं. 2012 साली या कामाला इक्वेटर पुरस्कार मिळाला. हे सूड घेणं म्हणावं, टाळणं म्हणावं की माफ करणं? तुझ्या पट्टीवर याला खूणच नाही. धरणाबद्दलच लिहायचं असेल तर इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयनेच्या विस्थापितांची केलेली पाहणी वाच. डेक्कन कॉलेजने ती 1969 साली छापली. कोणाचं काय गेलं, कोण कुठे जाऊन पडलं हे आधी विचारावं लागतं. माफीचा प्रश्न त्याच्या फार नंतर येतो, आणि कधी कधी येतच नाही.

म्हणून तू भांडण निवड ते माणसामाणसांतलं. बांध कोरला, वाटणीत सख्ख्या भावाने फसवलं, लग्नात मानपान चुकला, उसने पैसे बुडवले. एका माणसाकडून एकच प्रसंग, एकच समोरचा माणूस आणि घडल्याचा अंदाजे महिना-वर्ष. एवढं पक्कं झाल्याशिवाय पट्टी पिशवीतून काढायची नाही.

आता तुला एक मोह होईल. 15 ऑगस्ट 2007 ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगावी समित्या झाल्या, दिवाणी, महसुली, फौजदारी अशी तंट्यांची नोंद झाली, मिटलेल्या तंट्यांवर गुण आणि गुणांवर बक्षीस ठरलं. ती नोंदवही हाती लागली की वाटेल, आयती आकडेवारी मिळाली. नोंदवही जरूर बघ, पण तिच्यात तडजोड मोजलेली आहे. सहीअंगठा झाला, पंचांनी हात जोडायला लावले, केस मागे घेतली. आणि त्यानंतर वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारात मयताला सुद्धा न गेलेली भावकी मी पाहिली आहे. अमेरिकेतले एव्हरेट वर्दिंग्टन हाच फरक ठरवून केलेली माफी आणि मनातून झालेली माफी असा करतात. वागणं बदलायचं ठरवता येतं. राग, कडवटपणा ओसरायला वेगळा काळ लागतो. वर्दिंग्टन यांच्या स्वतःच्या आईचा खून झाला होता, तेव्हा हे त्यांचं निव्वळ पुस्तकी बोलणं नाही. तुझ्यासाठी याचा उपयोग असा: मिटलेल्या तंट्यातली माणसं आणि न मिटलेल्यातली माणसं, दोन्हीकडे तीच पट्टी लाव. दोन गटांच्या सरासरीत फरक निघाला नाही तर घाबरू नकोस, उलट तोच तुझ्या प्रबंधातला सर्वांत वाचनीय निष्कर्ष असेल. मात्र बक्षीस जिथे आकड्यावर मिळतं तिथला आकडा थोडा फुगलेला धरूनच पुढे जा.

पट्टी कोणती? एनराइट यांच्या मूळ यादीत 60 विधानं आहेत. भाताच्या कामातून उठवून आणलेली बाई 60 विधानांना पुरणार नाही. हार्टलँड पट्टीत 18 आहेत, पण ती माणसाचा एकूण स्वभाव विचारते. तुला प्रसंग हवाय. मायकेल मॅकलो आणि सहकाऱ्यांची 1998 ची 12 विधानांची पट्टी मला तुझ्या कामाची वाटते: सात विधानं टाळण्याची, पाच सूड घेण्याच्या इच्छेची. पुढे तिच्यात सद्भावनेची सहा जोडली गेली, तीही घे. लोकांना राग नसणं पुरेसं वाटतं की भलं चिंतणंही लागतं, हे त्याशिवाय कळायचं नाही.

पण इथे सावध राहा. ही पट्टी अमेरिकन विद्यार्थ्यांवर घडली. तिथे रूममेटशी बिनसलं तर खोली बदलता येते. आपल्या वाडीत दोन भावांची भिंत एक, विहीर एक, आणि पडकईला, म्हणजे खाचरं बांधायच्या सामाईक कामाला, एकमेकांच्या शेतावर गेल्याशिवाय खाचर होत नाही. टाळायची सोयच नसलेल्या माणसाचा टाळण्याचा गुण कमी येणार, आणि संगणक त्याला माफी समजणार. उलट भोसरी-चाकणला कामाला गेलेला भाऊ आपोआप टाळतो, त्याच्या मनात काही का असेना. तेव्हा गावात राहणारे आणि बाहेर गेलेले असे दोन गट कर आणि एकेक विधान दोन्हीकडे सारखंच चालतं का ते तपास. ते न तपासता सरासऱ्यांची तुलना केलीस तर मी तुझी परीक्षक नाही याबद्दल देवाचे आभार मान. क्रोनबाखचा अल्फा 0.85 आला म्हणून हुरळायचंही कारण नाही. अल्फा एवढंच सांगतो की विधानं एकमेकांशी जुळतात. ती माफीशी जुळतात का, हे त्याला ठाऊक नसतं.

विचारण्याची रीत. ‘अंशतः सहमत’ वगैरे पायऱ्या कागदावर ठेव. समोर पाच हिरडे मांड आणि म्हण, जितकं खरं वाटतं तितके उचला. दोन उलट अर्थाची विधानं मधे पेर, म्हणजे सगळीकडे पाचच उचलणारा ओळखू येतो, आणि गुण उलटे करायला विसरू नकोस. मंदिराच्या ओट्यावर चार माणसांत विचारलंस तर प्रत्येकजण ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणेल. सुनेला सासूसमोर विचारायचं नाही, हे तुला सांगायला नको. संक्रांतीच्या आठवड्यात जाऊ नकोस, तिळगुळाच्या तोंडाने कोणी खरं बोलत नाही. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तर मुळीच नको. तुझी प्रश्नावली भिजेल आणि लोकांचा खोळंबा होईल तो वेगळा.

नमुन्याबद्दल एक हिशेब करून दाखवते, कारण इथे एम.ए.ची निम्मी पोरं आपटतात. समज, दहा वाड्यांतून प्रत्येकी 20 अशी 200 माणसं घेतलीस. एका वाडीतली माणसं एकमेकांसारखी असतात. तेच पाहुणे, तीच भांडणं, तेच पंच. हे साम्य अगदी थोडं, म्हणजे अंतर्गत सहसंबंध फक्त 0.05 धरला, तरी 19 गुणिले 0.05, त्यात 1 मिळव, आले 1.95. 200 ला त्याने भाग. तुझ्याकडे खरी माहिती 103 माणसांएवढीच आहे. साधी टी-चाचणी 200 धरून चालते आणि नसलेला फरक ‘लक्षणीय’ म्हणून हातात देते. म्हणून वाडीचा स्तर वेगळा धरणारं बहुस्तरीय मॉडेल वापर, आणि शक्य असेल तर 20 वाड्यांतून दहा-दहा माणसं घे. चालणं वाढेल, पण त्याच सूत्राने 200 चे 138 होतात.

काळाचा हिशेब सरळ रेषेत मांडू नकोस. मॅकलो यांच्या गटाने 2010 साली दाखवलं, की दुखावल्यानंतरचे पहिले दिवस मन भराभर निवळतं, मग वेग मंदावत जातो. आलेखाचं वळण लॉगरिदमचं निघतं. तेव्हा ‘किती दिवस झाले’ याचा लॉग घेऊनच मॉडेलमध्ये घाल. आणि हे निष्कर्ष त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारून आले होते, हे ध्यानात ठेव. तू एकदाच जाणार. 20 वर्षांपूर्वीचं भांडण तुला सांगणारा माणूस ते का सांगतोय? ज्यांनी माफ केलं त्यांची जुनी भांडणं आठवणीतूनच गेली, ती तुझ्या कागदावर येणारच नाहीत. हे लक्षात घे, नाहीतर ‘काळ जातो तशी माफी कमी होते’ असा अजब शोध लावून बसशील. तीन-तीन महिन्यांनी निदान तीस-चाळीस जणांकडे तरी परत जा.

जमेल तिथे दोन्ही बाजू घे. बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी 1990 सालीच दाखवलंय, की दुखावलेला माणूस घाव अजून ओला असल्यासारखा सांगतो आणि दुखावणारा तेच प्रकरण कधीच संपल्यासारखं. चार भाऊ असतील तर ‘एकच समोरचा माणूस’ ही अट तिथे सोड, प्रत्येकाने प्रत्येकाबद्दल सांगावं. मग माफ न करणारा एकच भाऊ आहे, की कोणालाच माफ करता येऊ नये असा एकच भाऊ आहे, हे आकड्यांतून वेगळं काढता येतं.

वय, जात, शिक्षण, उत्पन्न यांनी पहिलं पान भरू नकोस. फेर, गेलफंड आणि नाग यांनी 2010 साली 175 अभ्यास आणि 26,006 माणसं एकत्र तपासली. समोरच्याने मुद्दाम केलं का, माफी मागितली का, त्याच्याबद्दल मनात कळवळा वाटतो का, या गोष्टींचं वजन मोठं निघालं. त्यांच्यापुढे वय-लिंगाचा वाटा किरकोळ. तेव्हा ‘तो काही बोलला का नंतर?’ हा प्रश्न जन्मतारखेच्या आधी. आणि सगळ्याचा सगळ्याशी सहसंबंध काढत बसशील तर 20 चाचण्यांत निदान एक खोटा ‘लक्षणीय’ निकाल हाती येण्याची शक्यता 64 टक्के आहे. तीन अपेक्षा आधी लिहून मार्गदर्शकांकडे दे, मगच वाडीवर पाऊल टाक.

माफ करायला शिकवणारी कार्यशाळा घ्यायची हौस असेल तर ती पुढच्या खेपेला. अशा उपक्रमांचा एकूण परिणाम वेड आणि सहकाऱ्यांनी 2014 साली 0.56 काढला, म्हणजे भाग घेतलेला सर्वसाधारण माणूस न घेतलेल्या शंभरातल्या साधारण 71 जणांच्या पुढे असतो. वर्दिंग्टन यांच्या पद्धतीची 2024 ची चाचणी पाच देशांत 4,598 जणांवर झाली, पण भारत त्यांत नव्हता. तुलनेचा गट नसेल तर मात्र काहीच करू नकोस. संतापाच्या टोकाला असताना आलेला माणूस महिन्याभराने थोडा खाली येतोच, तू त्याला नुसता चहा पाजलास तरी.

ज्यांनी बोलायला नकार दिला त्यांची नोंद ठेव: वाडी, घर बंद होतं की ‘नको’ म्हणाले, की नारायणगावला मजुरीला गेले. सर्वांत जास्त दुखावलेली माणसं बहुतेक त्याच रकान्यात असतात आणि त्या रिकाम्या जागा सरासरीने भरणं म्हणजे त्यांच्या तोंडी आपलं उत्तर घालणं.

माळीणला प्रश्नावली नेऊ नकोस. 30 जुलै 2014 च्या दरडीत तिथे 151 माणसं गेली. हार्टलँड पट्टीत परिस्थितीला माफ करण्याचा भाग आहे आणि तुझ्या मनात तो येणार, हे मला ठाऊक आहे. पण सोबत अनुभवी समुपदेशक नसताना विद्यार्थिनीने तो प्रश्न तिथे विचारायचा नसतो.

आणि माझी एक मागणी. निकाल हातात आले की विद्यापीठात जमा करायच्या आधी साध्या मराठीत दोन पानं लिही आणि ज्या वाड्यांनी उत्तरं दिली तिथे वाचून दाखव. ते काय म्हणतात ते लिहून घे आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यानंतरच पूर्ण कर.