रेडिएटरातील काळा गाळ

ज्यांचे आप्त इंग्लंडमध्ये राहतात, त्यांच्या कानी हिवाळ्यात दूरध्वनीवरून एक तक्रार हटकून येते: बॉयलर धडधडत आहे, नळ्या हाताला चटका देत आहेत, परंतु बैठकीच्या खोलीतील रेडिएटर खालून गारच आहे. घरात वृद्ध माणूस असले, म्हणजे ही गोष्ट केवळ गैरसोयीची राहत नाही. तिचे मूळ आपल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात, लोखंड गंजण्याच्या पाठात आहे. म्हणून आम्ही ती येथे विचारास घेतली आहे.

आपल्याकडील तांब्याच्या बंबात पाणी रोज नवे भरतात आणि तापले की काढून घेतात. तिकडील व्यवस्था निराळी. बॉयलरमध्ये तापलेले पाणी पंपाच्या जोराने खोल्याखोल्यांतील पोलादी रेडिएटरांत जाते, आपली उष्णता तेथे देते आणि निवून परत बॉयलरकडे येते. स्नानाचे पाणी वेगळे. हे फिरणारे पाणी कोणी वापरीत नाही. तेच वर्षानुवर्षे फिरत राहते. लंडनवर १९५२ च्या डिसेंबरात विषारी धुके पसरले, त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला, उघड्या कोळशाच्या शेगड्या मागे पडल्या आणि पुढील काही दशकांत ही योजना बहुतेक घरांत पोहोचली.

रेडिएटर कोठे थंड आहे, यावरून रोग ओळखता येतो. माथा थंड आणि तळ गरम असेल, तर वर वायू साठला आहे. माथा गरम आणि तळाचा मधला भाग थंड असेल, तर तेथे गाळ बसला आहे, कारण पाण्याचा वेग त्या जागी सर्वांत कमी असतो. बॉयलरमधून किटली उकळल्यासारखा आवाज येऊ लागला, तर आतील पृष्ठावर गाळाचा किंवा क्षारांचा थर बसला असण्याचा संभव असतो.

आता हा गाळ येतो कोठून? तो बाहेरची माती नव्हे. बंबाच्या आत जे पांढरे कीटण धरते, ते पाण्यातील क्षारांचे असते. रेडिएटरातील काळा गाळ मात्र रेडिएटरच्याच पोलादाचा असतो. प्राणवायू भरपूर मिळाला, की लोखंडावर तांबडा गंज चढतो. तो अपुरा असला, म्हणजे मॅग्नेटाइट नावाचे काळे ऑक्साइड तयार होते. त्याच्या एका रेणूत लोखंडाचे तीन आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. अणुभार ५६ आणि १६ धरून हिशेब केला, तर १६८ ग्रॅम लोखंडापासून २३२ ग्रॅम गाळ होतो. म्हणजे बादलीभर काळे पाणी निघाले, की तितक्या प्रमाणात रेडिएटरचा पत्रा आतून झिजला असे समजावे. मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटते. काढलेले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन बाहेरून चुंबक फिरविला, तर काळे कण त्याच्यामागे धावताना दिसतात. याच क्रियेत कधी हायड्रोजनही सुटतो. माथ्यावर साठलेला वायू नेहमी हवाच असतो असे नाही. त्यामुळे तो काढताना जवळ काडी ओढू नये.

येथेच पुष्कळ घरमालक फसतात. दर आठवड्याला वायू काढावा, दाब उतरला म्हणून नवे पाणी भरावे, असा त्यांचा क्रम चालतो. परंतु नव्या पाण्याबरोबर विरघळलेला प्राणवायू आत जातो आणि गंजण्याची क्रिया पुन्हा सुरू होते. दाब वारंवार उतरत असेल, तर आधी गळती शोधावी.

एखादाच रेडिएटर भरला असेल, तर बॉयलर बंद करून पाणी निवू द्यावे. रेडिएटरच्या दोन्ही झडपा बंद कराव्यात. परतीच्या बाजूची झडप किती फेऱ्यांत बंद झाली ते लिहून ठेवावे आणि पुढे तितकीच उघडावी. नाही तर सर्व रेडिएटरांतील पाण्याची वाटणी बिघडते. खाली जुनी फडकी आणि पसरट भांडे ठेवावे, कारण या पाण्याचा डाग गालिच्यावरून जाता जात नाही. मग रेडिएटर भिंतीवरून उतरवून अंगणात न्यावा आणि निर्मळ पाणी येईपर्यंत नळीने धुवावा. भरलेला रेडिएटर जड असतो, दोघे असावेत. सगळेच रेडिएटर बिघडले असतील, तर गाळ सुटा करणारे द्रावण काही दिवस फिरवितात आणि मग यंत्राच्या साहाय्याने जोराचा प्रवाह सोडून सर्व नळ्या धुतात. हे काम कारागिराचे. गॅसच्या बॉयलरच्या आत तर नोंदणीकृत कारागिराखेरीज कोणी हात घालू नये.

धुऊन झाल्यावर नव्या पाण्यात गंजरोधक द्रव्य घालतात आणि परतीच्या नळीवर चुंबकाची गाळणी बसवितात. गंजरोधकावाचून केलेली सफाई आम्हांला अर्धवट वाटते, कारण ताजे पाणी म्हणजे ताजा प्राणवायू.

प्रयोगशाळेत याची प्रचीती सहज घेता येईल. दोन परीक्षानळ्यांत चकचकीत लोखंडी खिळे ठेवा. एकीत नळाचे पाणी घालून ती उघडी ठेवा. दुसरीत चांगले उकळलेले पाणी घाला आणि त्यावर गोडेतेलाचा थर सोडा. आठवड्याने पहिल्या नळीतील खिळा तांबूस झालेला असेल, दुसरीतला बहुधा होता तसाच चमकत असेल.