प्रश्नामागचा प्रश्न

वच्छगोत्त नावाचा एक परिव्राजक बुद्धांकडे आला आणि कुशलप्रश्न झाल्यावर त्याने विचारले, आत्मा आहे काय? बुद्ध काही बोलले नाहीत. मग आत्मा नाही काय, असे त्याने विचारले. तेव्हाही मौनच. वच्छगोत्त उठून निघून गेला. जवळच असलेल्या आनंदाने या मौनाचे कारण विचारले. ‘होय’ म्हटले असते तर ते शाश्वतवाद्यांचे मत ठरले असते, ‘नाही’ म्हटले असते तर उच्छेदवाद्यांचे, असे बुद्धांनी सांगितले. पण त्यांचे अखेरचे कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. हा मनुष्य आधीच गोंधळलेला होता. नकार ऐकून, आपल्याजवळ होते तेही गेले, असे त्याला वाटले असते.

संयुत्तनिकायातील या प्रसंगाची चर्चा बहुधा तत्त्वज्ञानाच्या अंगाने होते. परंतु येथे उत्तर देणाऱ्याने प्रश्नाइतकेच प्रश्नकर्त्याकडेही लक्ष दिले आहे. अंगुत्तरनिकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत : काहींचे सरळ उत्तर द्यावे, काहींचे विभाग करून द्यावे, काहींना प्रतिप्रश्न करावा आणि काही बाजूला ठेवावेत. एकाच व्यक्तीच्या बाबतीतही हा निर्णय प्रसंगानुसार बदलतो. मज्झिमनिकायात हाच वच्छगोत्त मुक्त पुरुष मृत्यूनंतर कोठे जातो असे विचारतो, तेव्हा बुद्ध गप्प राहत नाहीत. समोरचा अग्नी विझला तर तो कोणत्या दिशेला गेला म्हणशील, असा प्रतिप्रश्न ते करतात. गवत व लाकूड संपले म्हणून तो विझला, दिशेचा प्रश्नच येथे लागू पडत नाही, हे वच्छगोत्ताला स्वतःलाच बोलून दाखवावे लागते.

आधुनिक काळात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांनी अशा ऐकण्याला समुपदेशनात मध्यवर्ती स्थान दिले. समोरच्याच्या बोलण्यातील भावना ओळखावी, आपल्याला जे उमगले ते त्याच्यापुढे ठेवावे आणि ते बरोबर आहे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे, अशी त्यांची रीत होती. पुढे तिचे पोपटपंचीत रूपांतर झाले. ‘तुम्हाला वाईट वाटते आहे तर’ एवढे म्हटले की काम झाले, असे मानणारे शिष्य निघाले. या विपर्यासाचा धक्का बसून आपण काही वर्षे सहानुभूतिपूर्वक ऐकण्याविषयी फारसे बोललोच नाही, असे रॉजर्स यांनी १९७५ साली लिहिले आहे.

आपल्याकडील एखाद्या दवाखान्यातील प्रसंग घेऊ. तापाने फणफणलेल्या मुलाची आई डॉक्टरांना विचारते, “याला दही दिले तर चालेल का?” उत्तर मिळते. दाराशी जाऊन ती पुन्हा वळते आणि विचारते, “परवा दिले होते, त्याने काही झाले नसेल ना?” पहिला प्रश्न आहाराविषयीचा, दुसरा अपराधाविषयीचा. घरात कोणीतरी, कदाचित सासूने, कदाचित तिच्याच मनाने, दोष तिच्या माथी मारलेला असतो. “दह्याने असा ताप येत नाही” हे वाक्य औषधाच्या चिठ्ठीइतकेच तिला घरी न्यावयाचे असते. घाईत असलेल्या डॉक्टरला मात्र तोच प्रश्न पुन्हा विचारला गेल्यासारखा वाटतो आणि तो चिडतो. पुन्हा विचारलेला प्रश्न, निघताना विचारलेला प्रश्न, मध्येच अडखळलेला शब्द, या खुणा नेमक्या गर्दीच्या वेळीच हुकतात.

याचा अर्थ प्रत्येक प्रश्नात गूढ शोधावे असा नव्हे. गाडीची वेळ विचारणाऱ्या प्रवाशाला वेळच हवी असते, आणि त्याच्या अंतःकरणात शिरू पाहणारा कारकून त्याला नकोसा होतो. विचारणाऱ्याला न विचारता त्याचा हेतू ठरवून टाकणे हेही न ऐकणेच होय. त्या आईला दह्याविषयीचे उत्तर आधी स्पष्ट द्यावे, आणि पुढच्या रुग्णाला हाक मारण्यापूर्वी ती दाराबाहेर पडेपर्यंत थांबावे.