चिजाचा काप आणि गोठ्यातील दूध

सांगली-मिरजेच्या बाजारात आता पिवळट रंगाचे, पातळ चौकोनी काप केलेले चीज सर्रास मिळते. पावात घालून किंवा गरम पोळीवर पसरून मुले ते आवडीने खातात. दूधउत्पादकास मात्र ही शहरी चैनीची वस्तू वाटते. तिचा आपल्या गोठ्याशी काही संबंध असेल असे त्याच्या मनात सहसा येत नाही. वास्तविक चीज करताना दुधाची जी परीक्षा होते, ती चहात किंवा खव्यात होत नाही.

कापांचे चीज हे मूळ चिजावर प्रक्रिया करून बनविलेले असते. प्रथम पाश्चरीकरण केलेल्या दुधास विशिष्ट विरजण लावून व रेनेट घालून त्याची कवडी बांधतात. ती कापून, निवळी काढून, मीठ घालून व दाबून झालेली वडी काही महिने थंड खोलीत मुरवितात. गाईच्या सुमारे १० लिटर दुधापासून असे १ किलो चीज मिळते. हे चीज तव्यावर तापविले तर त्यातील स्निग्धांश सुटून निराळा होतो व प्रथिनांचा चिवट गोळा मागे उरतो. १९११ साली स्वित्झर्लंडमधील थून येथे वॉल्टर गेर्बर व फ्रिट्झ स्टेटलर यांनी चिजात सोडियम सायट्रेट घालून ते वितळविले, तेव्हा हा दोष नाहीसा झाला. हे लवण प्रथिनांना बांधून ठेवणारे कॅल्शियम खेचून घेते. मोकळी झालेली प्रथिने स्निग्धांश व पाणी ही दोन्ही धरून ठेवतात आणि मिश्रण श्रीखंडासारखे एकजीव होते. आजही कारखान्यात ७५ ते ८५ अंश सेल्सियस उष्णतेवर ते घोटतात, पातळ थर पसरून निववितात आणि काप पाडतात.

कापाची गोडी येथेच ठरते. केवळ कोवळे चीज वापरल्यास काप घट्ट पण मिळमिळीत होतो; केवळ मुरलेले वापरल्यास चव उग्र येते व काप मऊ पडून वेष्टनास चिकटतो. यास्तव दोन्हींचे मिश्रण घेतात. भारतीय मानकाप्रमाणे अशा चिजात पाण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांहून अधिक नसावे व कोरड्या अंशात दुधाचा स्निग्धांश किमान ४० टक्के असावा. काडी लावून काप काळा पडला म्हणजे तो प्लॅस्टिकचा, ही समजूत निराधार आहे. खरी पारख वेष्टनावरील घटकांची यादी वाचूनच होते; तीत वनस्पती तेल आढळल्यास तो पदार्थ चीज नव्हे.

सांगली जिल्ह्यास दुधाचा धंदा नवा नाही. भिलवडी येथे चितळ्यांची डेअरी १९३९ पासून आहे. पुणे जिल्ह्यात मंचर येथे गाईच्या दुधाचे चीज करणारा मोठा कारखाना आहे. म्हशीच्या दुधाचे चीज कोरडे व कठीण होते आणि मुरण्यास वेळ घेते. तथापि आणंदच्या सहकारी संघाने त्यापासूनही उत्तम चीज करून दाखविले. तेव्हा अडचण जनावराच्या जातीची नसून दुधाच्या निर्दोषपणाची आहे.

जनावरास दगडी (कासदाह) झाली म्हणजे सडात प्रतिजैविक औषध सोडतात. त्याचा अंश पुढे काही दिवस दुधात उतरतो. दररोजच्या आठ-दहा लिटरांचे पैसे बुडू नयेत म्हणून ते दूध इतर जनावरांच्या दुधात मिसळून केंद्रावर घालण्याचा मोह होतो, आणि हा मोह समजण्यासारखा आहे. परंतु चिजाचे विरजण हे सजीव असते. औषधाचा अंश पुरेसा असल्यास ते मंदावते किंवा मरते, आम्लता वाढत नाही, कवडी निवळी सोडत नाही व घातक जंतूंना वाव मिळतो. एका कॅनमुळे टाकीभर दूध वाया जाऊ शकते. दूध उकळल्यानेही हा अंश पुरता नाहीसा होत नाही. औषधाच्या वेष्टनावर किंवा पशुवैद्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्या जनावराच्या चारही सडांचे दूध वेगळे काढून टाकावे. एकाच सडात औषध घातले तरी ते रक्तावाटे इतर सडांत पोहोचते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याने आवर्जून सांगावे. जनावराच्या पायास रंगीत पट्टी बांधावी, म्हणजे धार काढणारा बदलला तरी चूक होत नाही.

दुसरी बाब मुरघासाची. नीट न दाबलेल्या, मातीमिश्रित मुरघासात काही जंतूंची बीजुके वाढतात. ती शेणावाटे कासेला लागतात व दुधात येतात. पाश्चरीकरणाने ती मरत नाहीत, कापाचे चीज घोटतानाच्या उष्णतेनेही नाहीत. पुढे त्यांच्यापासून वायू होऊन चीज फुगते व त्यास दुर्गंधी येते. खड्ड्यातील बुरशी आलेला किंवा घाण वास येणारा थर काढून टाकावा व तो दुभत्या जनावरास घालू नये. धार काढण्यापूर्वी सड धुऊन स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसावेत. ओल्या कासेवरून ओघळलेले पाणी थेट चरवीत पडते.