सम्यक् आजीविका आणि दुखण्याची गोळी

तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. लबाडीने विकलेले औषधही विषच होते.

अमेरिकेतील पर्ड्यू कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी बाजारात आणली. तिचे व्यसन क्वचितच लागते, असे डॉक्टरांना पटवले. कंपनीने २००७ मध्ये फसव्या प्रचाराचा, तर २०२० मध्ये डॉक्टरांना लाच देण्याचाही गुन्हा कबूल केला. विकणाऱ्याचे चौथे शील मोडले. घेणाऱ्याला नकळत व्यसन जडले. कर्करोगाच्या वेदनेत हाच औषधवर्ग करुणेचे काम करतो. दोष लोभाचा आहे.

भारतात केंद्राच्या २०२४ च्या संहितेने कंपन्यांना डॉक्टरांना भेटवस्तू देण्यास मनाई केली. तरीही कालामांना दिलेला उपदेश स्मरा. संगमनेरच्या दवाखान्यात निःसंकोच विचारा: ही गोळी कशाची? किती दिवस? सवय लागते का?

जय भीम!